एक्सएमपीपी सर्व्हरची उभारणी आणि मांडणी

डेबियन किंवा उबुंटूच्या यंत्रावर प्रोसोडी हा एक्सएमपीपी संदेश-सर्व्हर बसवायला एक ओळ पुरते: ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल प्रोसोडी’. पाच मिनिटांत काम होते आणि सर्व्हर आपोआप सुरूही होतो. पण त्यावरून अजून एकही निरोप जात नाही, आणि गेलाच तर तो योग्य माणसालाच पोचला याची हमी कोणी देत नाही. या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शिका ती ओळ आणि तिच्या मागच्या चार-दोन कमांड सांगून मोकळ्या होतात. अ‍ॅडमिनचे खरे काम त्यानंतरचे आहे. नाव कोणते घ्यायचे, ओळख कशी पटवायची, कोणाला आत घ्यायचे, काय किती दिवस जपायचे, हे सगळे कॉन्फिगरेशनच्या फाइलीत लिहायचे असते आणि सॉफ्टवेअर ते ठरवून देत नाही. इथे विवेचन करायचे आहे ते या निर्णयांचे. उदाहरणादाखल आठ-दहा शाखांची, शंभरेक कर्मचाऱ्यांची एक पतसंस्था डोळ्यांपुढे ठेवू आणि तिचे डोमेन ‘पतसंस्था.उदाहरण’ असे धरून चालू.

एक्सएमपीपीच का

जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये जॅबर प्रकल्प जाहीर केला तेव्हा आयसीक्यू, एआयएम आणि याहू या चॅटसेवांची जाळी एकमेकांशी बोलत नव्हती. जॅबरने ईमेलची रचना उचलली: प्रत्येक संस्थेचा आपापला सर्व्हर, पत्त्यात त्या सर्व्हरचे डोमेन, आणि सर्व्हर-सर्व्हरमध्ये थेट देवाणघेवाण. पुढे इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने हा प्रोटोकॉल एक्सएमपीपी या नावाने स्वीकारला. ऑक्टोबर २००४ मध्ये आरएफसी ३९२० व ३९२१ निघाले आणि मार्च २०११ मध्ये त्यांची जागा ६१२० व ६१२१ यांनी घेतली. गाभा एवढाच आहे. गट, जुन्या संदेशांचा साठा, फाइल पाठवणे, कॉल या सगळ्या गोष्टी ‘एक्सईपी’ म्हटल्या जाणाऱ्या स्वतंत्र विस्तारांमध्ये आहेत. म्हणून ‘आमच्याकडे एक्सएमपीपी आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो. कोणते विस्तार चालू आहेत, हे विचारावे लागते.

मोठ्या कंपन्यांनी हा प्रोटोकॉल वापरला तो आपल्या सोयीपुरता. गूगल टॉक ऑगस्ट २००५ मध्ये आले, जानेवारी २००६ मध्ये त्याने बाहेरच्या सर्व्हरांना दार उघडले आणि २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना गूगलने ती वाट सोडली. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवात ईजॅबर्डी या एक्सएमपीपी सर्व्हरमध्ये फेरफार करून झाली, पण त्याचे जाळे कायम बंदिस्त राहिले. आपला सर्व्हर उभारणाऱ्याने यातून एवढे घ्यावे की तंत्र पुरेसे मुरलेले आहे, मात्र ते चालवण्याची जबाबदारी या मोठ्या कंपन्यांवर सोपवण्याची सोय उरलेली नाही.

सर्व्हरची निवड

व्यवहारात तीन नावे समोर येतात. प्रोसोडी लुआ भाषेत लिहिलेला आहे. तो हलका आहे, त्याची फाइल वाचता येते, आणि शंभर माणसांसाठी १ जीबी मेमरीचे यंत्र त्याला पुरून उरते. ईजॅबर्डी एर्लांगमध्ये आहे. अलेक्सेई श्चेपिन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. हजारो जोडण्या आणि एकाहून अधिक यंत्रांवरचा क्लस्टर हवा असेल तर सहसा तोच निवडला जातो. ओपनफायर जावावर चालतो आणि ब्राउझरमधून हाताळता येतो, म्हणून विंडोजवाल्या कार्यालयांना तो जवळचा वाटतो.

हा तिसरा पर्याय मी सहसा सुचवत नाही, आणि त्याला कारण आहे. ओपनफायरचे व्यवस्थापन-पान ९०९० या पोर्टवर असते. २०२३ मध्ये त्यात सीव्हीई-२०२३-३२३१५ ही त्रुटी उघड झाली. पत्त्यात थोडी चलाखी केली की लॉगिन न करता आतल्या पानांपर्यंत पोचता येत होते. ही त्रुटी २०१५ मध्ये निघालेल्या ३.१० या आवृत्तीपासून होती, ४.६.८ आणि ४.७.५ मध्ये ती दुरुस्त झाली. चूक कोणाच्याही हातून होते. पण ज्यांनी हे पान इंटरनेटवर उघडे ठेवले नव्हते त्यांना ती बाधली नाही. माउसने चालणारे पान सोयीचे असते आणि सोयीचे दार सगळ्यांनाच सोयीचे असते. आपल्या पतसंस्थेसाठी प्रोसोडी घेऊ. पुढचे सगळे त्याला धरून आहे.

नाव

एक्सएमपीपीचा पत्ता ईमेलसारखा दिसतो: आधी व्यक्तीचे नाव, मग अ‍ॅट, मग डोमेन. त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘रिसोर्स’ येतो. एकच व्यक्ती फोनवरून, कार्यालयातल्या संगणकावरून आणि घरून एकाच वेळी जोडलेली असते, आणि त्या जोडण्या ओळखायला हा भाग लागतो. तो अ‍ॅप स्वतः ठरवते. अ‍ॅडमिनला त्यात लक्ष घालावे लागत नाही.

डोमेनचे मात्र तसे नाही. प्रोसोडी सगळी माहिती डोमेनच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. ‘व्हार/लिब/प्रोसोडी’ उघडून पाहा: आत डोमेनच्या नावाचे फोल्डर दिसेल, त्यातल्या टिंबाच्या जागी टक्केचिन्ह आणि सांकेतिक अक्षरे असतील, आणि त्याच्या आत खाती, संपर्कयाद्या, साठा असे वेगवेगळे कप्पे. शंभर जणांच्या संपर्कयाद्यांमध्ये प्रत्येकाचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. वर्षभराने ‘नाव बदलू या’ म्हटले तर ते फोल्डरचे नाव बदलून भागत नाही. प्रत्येक यादीतला प्रत्येक पत्ता बदलावा लागतो, आणि बाहेरच्या सर्व्हरांवरच्या याद्या तर आपल्या हातातच नसतात. म्हणून पहिल्याच दिवशी ईमेलचे जे डोमेन आहे तेच घ्यावे. ‘चॅट.पतसंस्था.उदाहरण’ हे यंत्राचे नाव खुशाल असू द्या, ते माणसांच्या पत्त्यात येऊ देऊ नका.

मग अडचण येते ती अशी की ‘पतसंस्था.उदाहरण’ या नावावर वेबसाइट असते आणि ती कुठल्याशा होस्टिंग कंपनीच्या यंत्रावर असते. चॅटचा सर्व्हर वेगळ्या यंत्रावर. यावर उपाय डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींचा. अ‍ॅपसाठी ‘_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी’ आणि दुसऱ्या सर्व्हरांसाठी ‘_एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी’ अशा दोन नोंदी डोमेनखाली घालायच्या. प्रत्येकीत प्राधान्य, वजन, पोर्ट आणि यंत्राचे नाव असते. पहिलीत पोर्ट ५२२२, दुसरीत ५२६९. यंत्राचे नाव म्हणून सीनेम असलेले टोपणनाव देऊ नये, ए किंवा एएएए नोंद असलेले खरे नाव द्यावे. एसआरव्ही नोंद नसली तर अ‍ॅप थेट वेबसाइटच्या यंत्राचे दार ठोठावते, तिथे कोणी उत्तर देत नाही आणि कर्मचारी म्हणतात ‘चॅट बंद आहे’.

आता देवनागरी पत्त्यांबद्दल. एक्सएमपीपीत पहिल्यापासून युनिकोड चालते. ‘सुनीता’ हे लॉगिननाव देवनागरीत ठेवायला प्रोटोकॉलची आडकाठी नाही. माझे मत तरीही विरुद्ध आहे, आणि कारण मराठीच्या लेखनाशी निगडित आहे. ‘दर्‍या’ किंवा ‘सुर्‍या’ अशा शब्दांतला अर्धा र काही कळफलकांवर एका अदृश्य जोडचिन्हाने उमटतो. जुन्या नियमांत, म्हणजे स्ट्रिंगप्रेपमध्ये, ते जोडचिन्ह पत्त्यातून गाळले जाते. २०१५ च्या आरएफसी ७६२२ ने आणलेल्या नव्या नियमांत ते विशिष्ट ठिकाणी टिकते. दोन टोकांना दोन नियम पाळणारे सर्व्हर असले तर एकच माणूस दोन माणसे ठरू शकतो. लॉगिन रोमन अक्षरांत ठेवावे आणि दिसणारे नाव देवनागरीत. प्रोसोडीच्या ‘ग्रुप्स’ मॉड्यूलला एक साधी मजकूर-फाइल लागते: चौकटी कंसात ‘सातारा शाखा’, खाली प्रत्येक ओळीत पत्ता, बरोबरचे चिन्ह आणि ‘सुनीता जाधव, रोखपाल’ असे नाव. ही फाइल भरली की प्रत्येकाच्या अ‍ॅपमध्ये त्याच्या शाखेची यादी मराठीत तयार दिसते. शाखेतल्यांनी एकमेकांना विनंत्या पाठवत बसायची गरज उरत नाही.

कॉन्फिगरेशनची फाइल

प्रोसोडीची मुख्य फाइल ‘ईटीसी/प्रोसोडी’ मध्ये आहे आणि ती प्रत्यक्षात लुआचा प्रोग्रॅम आहे. दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. कुठेतरी स्वल्पविराम राहिला किंवा महिरपी कंस मिटला नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही. ते एका परीने बरे, कारण चूक लगेच कळते.

न कळणारी चूक वेगळी आहे. फाइलीत ‘व्हर्च्युअलहोस्ट’ ही ओळ आली की तिच्या खाली जे लिहाल ते फक्त त्या होस्टपुरते लागू होते. नवखा अ‍ॅडमिन नवी सेटिंग फाइलीच्या तळाला चिकटवतो, कारण तळ सापडायला सोपा. तिथे शेवटी एखादा गटांचा घटक असतो, आणि सेटिंग त्याच्या वाट्याला जाते. सर्व्हर चालू, तक्रार नाही, आणि बदलाचा परिणामही नाही. फाइलीचा वरचा अर्धा भाग सगळ्यांसाठी, खालचा एकेकट्यासाठी, हे पक्के झाले की प्रोसोडीचा निम्मा गोंधळ संपतो. ‘प्रोसोडीसीटीएल चेक’ ही कमांड फाइल, डीएनएस आणि सर्टिफिकेट तिन्ही तपासते, आणि जागेवर नसलेली सेटिंग बऱ्याचदा पकडते. प्रत्येक बदलानंतर ती चालवण्याची सवय लावून घ्यावी.

पहिला निर्णय नोंदणीचा. ‘अलाउ रजिस्ट्रेशन’ खोटे ठेवावे. कोणालाही खाते उघडू देणारा सर्व्हर काही दिवसांत जाहिरातखोरांचा अड्डा होतो, आणि मग बाहेरचे सर्व्हर आपले डोमेन अडवू लागतात. खाती ‘प्रोसोडीसीटीएल अ‍ॅडयूजर’ने अ‍ॅडमिनने उघडावीत, किंवा प्रोसोडीच्या ०.१२ या आवृत्तीपासून आलेल्या आमंत्रण-दुव्यांनी. दुव्याचा फायदा असा की पासवर्ड वापरणारा स्वतः ठरवतो आणि तो अ‍ॅडमिनच्या डायरीत लिहिला जात नाही. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते काढल्यावर तेच लॉगिननाव नव्या माणसाला देऊ नये. जुन्या ओळखीच्यांचे निरोप भलत्याच हाती पडतात.

ओळख पटवणे

अ‍ॅप आणि सर्व्हर यांची गाठ पडते तेव्हा काय घडते ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. अ‍ॅप ५२२२ वर जोडणी करते आणि एक्सएमएलचा एक प्रवाह उघडते. त्याच्या पहिल्या ओळीत ‘मला पतसंस्था.उदाहरणशी बोलायचे आहे’ असे डोमेन सांगितलेले असते. सर्व्हर आपल्या सोयींची यादी पाठवतो, तिच्यात ‘स्टार्टटीएलएस’ सक्तीचे म्हणून असते. अ‍ॅप होकार देते, टीएलएस जुळते, आणि मग आधीचा प्रवाह टाकून देऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उघड्यावर बोललेल्या एकाही शब्दावर पुढे भिस्त राहू नये म्हणून ही तजवीज आहे. दुसऱ्या फेरीत यादी बदललेली असते: आता ओळख पटवण्याच्या पद्धती दिसतात. त्यातली एक निवडून पासवर्डाची परीक्षा होते, प्रवाह तिसऱ्यांदा उघडतो, रिसोर्स ठरतो, संपर्कयादी येते आणि अ‍ॅप ‘मी हजर आहे’ असे कळवते. यापुढे जे काही वाहते ते तीनच जातींचे असते: संदेश, हजेरी आणि विचारणा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती पहिल्या पायरीवर. अ‍ॅपने ‘पतसंस्था.उदाहरण’ मागितले आहे, तेव्हा सर्टिफिकेट त्याच नावाचे हवे. एसआरव्हीमुळे जोडणी ‘चॅट.पतसंस्था.उदाहरण’ या यंत्राशी झाली असली तरी डीएनएसच्या सांगण्यावर अ‍ॅप विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. पण लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट घेताना नेहमीची पद्धत त्या नावाच्या वेबसाइटवर एक खुणेची फाइल शोधते, आणि वेबसाइट तर दुसऱ्या यंत्रावर. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद घालून मालकी सिद्ध करणे.

सर्टिफिकेट ९० दिवसांचे असते आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होते. पण नवी फाइल रूटच्या मालकीच्या फोल्डरात पडते, प्रोसोडी स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली चालतो, आणि त्याला ती वाचता येत नाही. ‘प्रोसोडीसीटीएल सर्ट इम्पोर्ट’ ही कमांड प्रत हलवते, परवानग्या लावते आणि सर्व्हरला नवे सर्टिफिकेट उचलायला सांगते. ती सर्टिफिकेट आणणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रॅमच्या नूतनीकरणाच्या हुकमध्ये बांधली नाही तर तिसऱ्या महिन्यात, बहुधा सुटीच्या दिवशी, सगळ्यांचे चॅट एकदम बंद पडते.

सर्टिफिकेट बरोबर असले म्हणजे सगळे झाले, या समजाला २०२३ मध्ये मोठा धक्का बसला. जॅबर.आरयू हा जुना सार्वजनिक सर्व्हर जर्मनीत हेट्झनर आणि लिनोड यांच्याकडच्या यंत्रांवर होता. ऑक्टोबरमध्ये ५२२२ वर जोडणाऱ्यांना ‘सर्टिफिकेटची मुदत संपली’ असे दिसू लागले. अ‍ॅडमिनने पाहिले तर यंत्रावरच्या सर्टिफिकेटला मुदत शिल्लक होती. म्हणजे बाहेरच्यांना दिसणारे सर्टिफिकेट दुसरेच होते. मधल्या वाटेवर कोणीतरी बसून, त्याच डोमेनचे लेट्स एन्क्रिप्टचे अस्सल सर्टिफिकेट मिळवून, जोडण्या उलगडून पुढे पाठवत होते. निघालेल्या सर्टिफिकेटांच्या सार्वजनिक पारदर्शकता-नोंदींत त्यातले पहिले सर्टिफिकेट एप्रिल २०२३ चे निघाले. ज्याच्या हातात वाट आहे तो खुणेची फाइलही दाखवू शकतो, म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्याचीही चूक म्हणता येत नाही. हा प्रकार उघड झाला तो केवळ मधला नूतनीकरण करायला विसरल्यामुळे.

यावरचे उपाय तीन आणि तिन्ही लहान संस्थेला परवडणारे आहेत. डीएनएसमध्ये सीएए नोंद घालून तिच्यात लेट्स एन्क्रिप्टच्या आपल्याच खात्याचा पत्ता बांधावा. मग दुसऱ्या खात्याला सर्टिफिकेट मिळत नाही. आपल्या डोमेनची नवी सर्टिफिकेटे निघाली की ईमेल पाठवणारी पाळत लावावी. आणि ओळख पटवताना चॅनल बाइंडिंग चालू ठेवावे, ज्यात पासवर्डाची परीक्षा त्या विशिष्ट टीएलएस जोडणीशी जखडलेली असते. तिसरा उपाय अ‍ॅपने साथ दिली तरच चालतो, म्हणून तो एकट्यावर सोडू नये.

पासवर्डाबद्दल थोडक्यात. साठवण ‘इंटर्नल हॅश्ड’ ठेवावी. तिच्याबरोबर स्क्रॅम ही पद्धत चालते: ती वापरली तर पासवर्ड तारेवरून जातच नाही, आणि सर्व्हरवरची फाइल चोरीला गेली तरी त्यात मूळ पासवर्ड नसतो. जुन्या कुठल्याशा उपकरणासाठी ‘इंटर्नल प्लेन’कडे वळायचा मोह टाळावा.

बाहेरच्या सर्व्हरांशी बोलायचे की नाही हा धोरणाचा प्रश्न. १९ मे २०१४ पासून सार्वजनिक जाळ्यातल्या प्रमुख सर्व्हरांनी आपसांत एन्क्रिप्शन सक्तीचे केले, त्यामुळे सर्व्हर-सर्व्हरमधले हे बोलणे, म्हणजे फेडरेशन, आता पूर्वीइतके उघडेवाघडे नाही. तरीही पतसंस्थेचे बोलणे आतल्या आतच असेल तर ‘एसटूएस’ मॉड्यूल बंद करावे आणि ५२६९ उघडूच नये. नंतर लागले तर एका ओळीने चालू करता येते.

फोन आणि साठा

एक्सएमपीपीचा जन्म टेबलावरच्या संगणकासाठी झाला, जिथे जोडणी तासन्‌तास टिकते. फोनची जोडणी लिफ्टमध्ये तुटते, वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना तुटते, आणि बॅटरी वाचवायला फोन स्वतःच तोडतो. ‘एक्सएमपीपीवर निरोप हरवतात’ ही जुनी तक्रार त्या काळात खरी होती. आज ती ऐकू आली तर समजावे की चार-पाच मॉड्यूल चालू करायची राहिली आहेत.

‘स्मॅक्स’ प्रत्येक पाकिटाची पोच ठेवते आणि तुटलेली जोडणी काही मिनिटांत परत आली तर जिथे सोडले तिथून सुरू करते. ‘कार्बन्स’ एका यंत्रावरून पाठवलेल्या संदेशाची प्रत त्याच माणसाच्या दुसऱ्या यंत्रांना देते. ‘सीएसआय’मुळे पडदा बंद असलेल्या फोनला हजेरीच्या फुटकळ बातम्या मिळत नाहीत, बॅटरी वाचते. ‘क्लाउड नोटिफाय’ झोपलेल्या फोनला अ‍ॅपल किंवा गूगलच्या सूचनासेवेमार्फत हाक मारते. आयफोनवर हे नसेल तर चॅट मेल्यातच जमा आहे. आणि ‘मॅम’ हा साठा: प्रत्येक संदेश सर्व्हरवर ठेवला जातो आणि उशिरा आलेले यंत्र मागचे सगळे उचलते.

हा साठा किती दिवसांचा? काहीच न सांगता प्रोसोडी एक आठवडा ठेवतो. दोन आठवड्यांच्या रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याचे यंत्र बंद राहिले तर मधले निरोप गेले. दुसऱ्या टोकाला ‘कधीच पुसू नका’ असेही लिहिता येते, आणि बरेच अ‍ॅडमिन भीतीपोटी तेच लिहितात. ते चुकीचे आहे. जे साठवलेले नाही ते चोरीला जात नाही, आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोखही हेतू संपल्यावर माहिती पुसावी असाच आहे. कार्यालयीन चॅटला एक ते तीन महिने पुरेसे वाटतात. ज्याची कायमची नोंद हवी, म्हणजे कर्जमंजुरी, मुखत्यारी, ठराव, ते चॅटवर असूच नये.

लॉगचा हिशेब वेगळा ठेवावा. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांनी आणि कंपन्या-संस्थांनी आपल्या संगणक-यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात जपायचे आहेत आणि सुरक्षेला बाधा आणणाऱ्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. लॉग म्हणजे कोण कधी कुठून जोडले याची नोंद. संदेशाचा मजकूर नव्हे. प्रोसोडीची ‘इन्फो’ पातळी कोण कधी जोडले ते लिहिते, पण कुठून जोडले, म्हणजे आयपी पत्ता, ते ती सहसा लिहीत नाही. ‘डीबग’ पातळी दुरुस्तीपुरती लावावी आणि आठवणीने काढावी.

आता टोकापासून टोकापर्यंतचे एन्क्रिप्शन. ओमेमो हा विस्तार २०१५ मध्ये कॉन्व्हर्सेशन्स या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये आला. गाजिम, डिनो आणि मोनल हे क्लायंटही तो पाळतात. सर्व्हरकडून त्याला फक्त ‘पेप’ मॉड्यूल लागते. ओमेमो चालू असताना साठ्यात नुसती सांकेतिक अक्षरे पडून राहतात, अ‍ॅडमिनलाही मजकूर दिसत नाही. मात्र कोणी, कोणाला, कधी, केवढे पाठवले हे सर्व्हरला दिसतच राहते. शिवाय नवा फोन घेतलेल्याला जुने संभाषण वाचता येत नाही, आणि शोधही सर्व्हरवर चालत नाही. संस्थेला तपासणीसाठी वाचता येणारा साठा हवा असेल तर ओमेमो नको. कर्मचाऱ्यांचे खासगीपण महत्त्वाचे असेल तर साठ्याचा हट्ट नको. दोन्ही देतो म्हणणारा विक्रेता यातले एक तरी देत नसतो.

गट, फाइली, कॉल

गटांसाठी ‘एमयूसी’ हा वेगळा घटक, त्याला वेगळे उपडोमेन, आणि त्या उपडोमेनचेही नाव सर्टिफिकेटमध्ये. गट उघडण्याचा हक्क आपल्या डोमेनपुरता ठेवावा. गटांचा साठा स्वतंत्र मॉड्यूलने चालू करावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

फाइलींसाठी ‘एचटीटीपी फाइल शेअर’. मर्यादा सुरुवातीला १० एमबी आणि मुदत एक आठवडा असते. इथे एक ठरलेली ठेच आहे. प्रोसोडीच्या पुढे एनजिन्क्स हा वेब-सर्व्हर उभा केलेला असतो आणि त्याची स्वतःची मर्यादा १ एमबी असते. लहान चित्रे जातात, फोनच्या कॅमेऱ्यातली जात नाहीत, आणि प्रोसोडीच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही, कारण फाइल त्याच्यापर्यंत आलीच नाही. एनजिन्क्सच्या लॉगमध्ये ४१३ हा आकडा शोधावा.

कॉलमध्ये आवाज चॅट सर्व्हरवरून जात नाही, दोन फोन थेट बोलू पाहतात. पण आपल्याकडे मोबाइल आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, त्यामुळे थेट वाट सापडत नाही. मध्ये कोटर्नसारखा टर्न सर्व्हर लागतो: ३४७८ पोर्ट, शिवाय यूडीपीची वरची मोठी पट्टी. प्रोसोडीच्या ‘टर्न एक्स्टर्नल’ मॉड्यूलमध्ये आणि कोटर्नमध्ये तेच गुपित-वाक्य लिहिले की झाले. सार्वजनिक पत्त्याच्या याच अडचणीमुळे चॅट सर्व्हर घरच्या किंवा शाखेतल्या जोडणीवर ठेवणेही जमत नाही. महिन्याच्या भाड्याचे एखादे आभासी यंत्र घेणे शहाणपणाचे.

चालवणे

फायरवॉलमध्ये ५२२२ उघडे, फेडरेशन असेल तर ५२६९, फाइलींसाठी ४४३ किंवा ५२८१, टर्नची पोर्टे; बाकी सगळे बंद. भाड्याच्या यंत्राला दोन फायरवॉल असतात, एक यंत्रावरची आणि एक भाडे घेणाऱ्याच्या पानावरची. यंत्रावरून चाचणी केली की सगळे ठीक दिसते. चाचणी फोनच्या मोबाइल डेटावरून करावी.

बॅकअपमध्ये ‘व्हार/लिब/प्रोसोडी’ आणि ‘ईटीसी/प्रोसोडी’ ही दोन फोल्डरे यायला हवीत. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या यंत्रावर तो उतरवून, एक खाते उघडून, जुने संदेश दिसतात का ते पाहावे. सुरक्षेचे अद्ययावत पॅकेज आले की त्याच आठवड्यात घ्यावे. बँकेच्या भाषेत बोलायचे तर मंजुरीच्या प्रतीक्षेत ठेवू नये.

आणि अ‍ॅडमिन दोन असावेत. डोमेनची नोंदणी, भाड्याच्या यंत्राचे खाते, डीएनएसचे पान आणि सर्व्हरचा रूट या चार किल्ल्या एकाच माणसाच्या वैयक्तिक ईमेलवर असणारी संस्था मी सर्व्हर असलेली संस्था मानत नाही. तो माणूस आजारी पडला की सर्टिफिकेट संपते, तो नोकरी सोडून गेला की डोमेन जाते. ज्यांना दर महिन्याला दोन-तीन तास देणारी दोन माणसे नेमता येत नाहीत त्यांनी हा सर्व्हर उभारू नये. एखाद्या भरवशाच्या एक्सएमपीपी सेवेला पैसे देऊन आपले डोमेन तिच्याकडे वळवावे. डोमेनचा हक्क मात्र तेव्हाही स्वतःकडेच ठेवावा, म्हणजे उद्या सर्व्हर हलवला तरी शंभर जणांचे पत्ते तेच राहतील.